कळवतो म्हटल्यावर

तुमी म्हणताय, इलेक्ट्रिक गाडी चांगली चालतीय, मग जास्त रेंजची कशाला बघतोय? अहो, पोरासाठी पोरगी बघायला कर्जतला गेल्तो. घामाघूम कसं जायचं, म्हणून वाटभर एसी लावलेला. पोहे झाले, चहा झाला. पोरानं हळूच नकाराची मान हलवली. मी हात जोडून "कळवतो" म्हणालो. त्यांना काय समजायचं ते समजलं.

बाहेर आलो, तर गाडी नऊ टक्क्यांवर!

परत आत जाऊन प्लग मागितला. आता चार तास त्याच खुर्चीत. दर पाच मिनिटाला उठून टक्के बघत हुतो. अठराला लाईट गेली.

पोरीच्या वडलांना विचारलं, "पाहुणे, लाईट कधी येईल?"

पेपरातनं डोकं वर न काढता ते म्हणाले, "कळवतो."