खिडकीखालचा वाफा

(रोपवाटिका. नात बाहेर गाडीत, आजोबांच्या मांडीवर झोपलेली.)

सासू : नातीच्या खिडकीखाली मोगरा नको. तो रोज पाणी मागतो, आणि आपला नळ एक दिवसाआड. सब्जा दाखवा.

रोपवाली : सब्जा घ्या, घाणेरी घ्या, चिनी गुलाब घ्या. एकदा मूळ धरलं की पाणी द्यायचं विसरलात तरी मरायची नाहीत. आणि मधमाश्या तर अशा येतील, की दुपारभर नुसतं गुणगुणणं.

सून : आई, बोगनवेल बघा ना. तिलाही पाणी लागत नाही, आणि मधमाश्या तिच्याकडे फारशा फिरकत नाहीत.

सासू : म्हणूनच नको. माझा भोपळा धरायला हवा.

रोपवाली : मागच्या वर्षी धरला नाही?

सासू : कसा धरेल? हिच्या लेकीला एक मधमाशी चावली, आणि हिने भोपळ्याचा वेल सोडून माझी अख्खी बाग उपटायला लावली. फुलं गेली, माश्या गेल्या. मग मी बसले रोज सकाळी कापसाची काडी घेऊन, या फुलातला पराग त्या फुलात लावत. या वयात भोपळ्याची सुईण झाले.

सून : एकच चावली आणि तिचा घसा सुजला, आई. ओठ निळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी इतका वेळसुद्धा मिळणार नाही, इंजेक्शन कायम सोबत ठेवा.

सासू : डॉक्टरांचं काय, घाबरवल्याशिवाय त्यांची पायरी कोण चढेल? माझ्या पोराला गांधीलमाश्यांनी फोडून काढलं होतं. लोखंड घासलं, संध्याकाळी पोरगा खेळायला गेला.

सून : त्यांचं शरीर वेगळं, हिचं वेगळं.

सासू : हो ना. हिचं तुझ्याकडून आलंय.

रोपवाली : ताई, मध्येच बोलते. माश्यांची रोपं फाटकापाशी लावा की, पोरीच्या खोलीपासून लांब.

सून : मी कालपासून हेच सांगतेय. फाटकापाशी सब्जा, आणि तिच्या खिडकीखाली बोगनवेल.

सासू : फाटकापाशी भिंतीची सावली. खिडकीखाली दिवसभर ऊन. ही रोपं उन्हाची.

रोपवाली : तेही खरंच. सावलीत फुलायची नाहीत.

सून : मग आम्ही खोली बदलतो. मागची अडगळीची मी आवरून घेते.

सासू : तिथे माझं खत आहे.

सून : खत बाहेर ठेवता येईल, आई.

सासू : येईल. पण मी नाही ठेवणार.

सून : मग तिने राहायचं कुठे?

सासू : तुझं माहेर आहे ना चौथ्या मजल्यावर? एक कुंडी नाही त्या घरात. मी आले होते तेव्हाच म्हटलं होतं, किती उजाड. आता कळलं, उजाड बरं असतं कुणाकुणाला.

सून : हे तुम्ही त्यांच्याशी बोललात?

सासू : बोलले तर. तो म्हणाला, आई, बाग तुझी, तू ठरव.

सून : मला म्हणाले, तू सोबत जा, आई तुझं ऐकेल.

सासू : मग ऐकलंच की मी. एक शब्द खाली पडू दिला नाही. अहो बाई, आल्या आल्या मी बाजूला काढलेले सब्जाचे दोन ट्रे आणि घाणेरीचा एक, गाडीत ठेवायला सांगा.

रोपवाली : कधीच ठेवले. तुमचं चाललं होतं तेवढ्यात आमच्या माणसाने नेले. डिकीत दोनच मावले, सब्जाचा एक मागच्या सीटवर ठेवलाय. आजोबांनीच दार उघडून दिलं.

सून : मागच्या सीटवर? तिथे छोटी आहे.

रोपवाली : झोपलीय हो गाढ. फुलांवर दोन-चार माश्या होत्या, त्या झटकल्यात म्हणाला तो.

सून : आई, मी डिकी उघडते. तिची इंजेक्शनची पिशवी त्यात आहे.

सासू : नाहीये. सकाळी काढून घरी ठेवली मी. रोपांना जागा नको?