हॅरोवरचं वजन

गेवराईच्या स्टँडवर चकलांब्याच्या एसटीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोन चुलतभाऊ बसले होते, थोरला आप्पाराव आणि धाकटा बजरंग.

"दादा, परवा पोरीच्या लग्नाची पंगत रानात बसवायची, आन ट्रॅक्टरचा हॅरो मारला तर निसती ढेकळं निघाली. पत्रावळ ठिवली की वरण थेट व्याह्याच्या धोतरात."

"बजरंग्या, हॅरोचे लोखंडी तवे किती तिरके ठिवले बे?"

"पुरे तिरके. वरून वजन बी बांधलं."

"वजन कावून?"

"फळीवर उभं राहिलं की रान सपाट होतं का न्हाई?"

"फळी दाबती, येड्या. हॅरो उकरतो. तवे जरा सरळ कर, वजन उतरव आन आडवी पाळी घाल. रान पिठावानी होईल."

"वजन उतरलंय."

"मंग झालं की."

"दोर तुटून आपुनच उतरलं. रानात पडलंय कुठंतरी."

"दगूडच ना? पडू दे."

"जातं व्हतं."

"कोणतं जातं बे?"

"उद्या पोरीची हळद दळायचीय, ते. तिच्या मायला अजून सांगितलं न्हाई. काळ्या रानात काळं जातं, समदं ढेकूळच दिसतंय."

"मंग लई सोपं हाय. सांगितलं तसे तवे सरळ कर आन पाळी घाल. ढेकळं समदी फुटतील. फुटणार न्हाई ते जातं."

"आन हॅरोचा तवाच फुटला तर?"

"तर पोरीच्या मायला बिनधास्त सांग, जातं घावलं."