पाळण्याचा सांधा

धाकू : पोर कुठं हाय, वयनी? पोर बरी हाय ना?

सुमती : माझ्या मांडीवरच आहे, धाकूदादा. बघा, नुसती टुकूटुकू बघतेय.

धाकू : देवा! तुमचा गडी कळव्याला सांगत आला, पाळना खाली आला म्हनून. खाडीला होडी मिळंना, तसा रुळांच्या पुलावरनं पळत सुटलो. आगगाडीचंबी भान नाय राहिलं.

सुमती : खाली गोधड्या होत्या म्हणून निभावलं हो. एक झोका दिला आणि कट्कन् आवाज! बाजूची पट्टीच निखळली.

धाकू : मी जोडलेली पट्टी?

सुमती : तीच.

धाकू : बघू... सांध्यातली लाख तडकली. पार काचेवानी तुकडे झालेत. मला वाटलेलं, धरंल. रोजच्या झोक्याला नाय टिकली.

सुमती : पण तुम्ही तर सरस लावणार होतात ना?

धाकू : व्हय. पन...

सुमती : बोला ना! सासूबाई इथंच आहेत. पाळणा पडल्यापासून त्या खांबाला टेकून बसल्यात.

धाकू : रंगूबाईच नको म्हनाल्या, वयनी.

रंगूबाई : मीच म्हणाले. जनावराचं कातडं उकळून केलेला तो सरस, त्यानं जोडलेल्या पाळण्यात माझी नात निजवायची? ऐकूनच अंगावर काटा आला होता.

सुमती : जाऊ दे, सासूबाई. तुम्हाला कोण दोष देतंय?

रंगूबाई : पोरगी माझ्या डोळ्यांसमोर पडली गं. धाकू, सरस आहे तुझ्याकडे?

धाकू : आं?

रंगूबाई : सरस रे!

धाकू : हाय. पन रातभर भिजवून सकाळी कढवाया लागंल. वास सुटतो, बाई.

रंगूबाई : सुटू दे.

सुमती : अहो, पण तुमचं सोवळं? शेजारीपाजारी काय म्हणतील?

रंगूबाई : मागल्या अंगणात तीन दगड मांड, धाकू. निखारे माझ्या चुलीतले ने.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, मागल्या अंगणात.)

धाकू : सरस गार व्हायच्या आत पट्टी दाबून धराया हवी. मी दोरी आवळतो. वयनी, जरा हात लावता?

सुमती : आले. हिला तेवढी खाली...

रंगूबाई : तू पोरीला सोडू नकोस. मी धरते.

धाकू : बाई, सरस हाताला लागंल!

रंगूबाई : कुठं दाबू, ते सांग.

धाकू : हितं. दोन्ही हातांनी. आजून जोरात.

सुमती : सासूबाई, आंघोळीला पाणी तापत ठेवू?

रंगूबाई : ठेव. पण मला हाक मारू नकोस. आधी हे नीट धरू दे.