घोंगडीतलं कुसळ

गाव कोणतं म्हणून इचारलं ना ताई, तर माझी पंचाईत होती बघा, कारण मी जलमले तीच वाटंवर. दिवाळी झाली की आमची मेंढरं कोकणाकडं उतरायची आन् पावसाच्या तोंडाला माघारी यायची, तशी माघारी येताना घाटाच्या अलीकडं एका शेतात मुक्काम पडला व्हता, तिथंच आईला कळा लागल्या. कागदावर गाव लिव्हलंय ते दौंड तालुक्यातलं, भीमेच्या कडंचं, कारण आबाचं घर तिथं. आबा म्हंजी माझा बाप. घर म्हंजी तरी काय, चार महिने ऱ्हायचं आन् आठ महिने चालायचं. म्हणून लोकं जवा म्हणत्यात, उज्ज्वला, तू एवढ्या लांब जहाजावर कशी गं ऱ्हायलीस, तवा मला हसाय येतं. आवं, मुक्काम हलवत हलवतच मोठी झाले की मी. तवा घोड्यावर भांडीकुंडी आन् कोंबड्या लादायच्या, आता चाकाची बॅग, एवढाच काय तो फरक.

तर कुसळ. कुसळ ठावं हाय ना तुम्हाला? वाळल्या गवताचं टोक वो, सुईवानी. कापडात शिरतं, लोकरीत शिरतं, मेंढराच्या कातड्यात सुदिक शिरतं. मी पाच-सहा वर्साची आसल, दिस कलला की माझं काम एकच, कोकरांच्या तोंडाची आन् आबाच्या घोंगडीची कुसळं काढायची. आन् ते काढायची रीत हाय बरं का. मागं वढायचं न्हाई. कुसळाला बारीक केस असत्यात उलट्या दिशेचं, मागं वढलं की बूड तुटून हातात येतं आन् टोक आतच ऱ्हातं, मग तिथं गाठ येती, पिकती. पुढं ढकलायचं, जिकडं त्याचं तोंड हाय तिकडं, आन् टोक वर आलं की टोकाला धरून काढायचं. आबा म्हणायचा, त्याला जायचंय तिकडं जाऊ दे, मग आपसूक निघतंय.

दहावी झाले आन् कारेगावात दिलं मला. आमचं मालक रांजणगावच्या कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. शांत माणूस, कवा आवाज चढवला न्हाई, खोटं कशाला बोलू. पोरगी शाळंत जायला लागली तशी मी कारेगावातच एका लॉण्ड्रीत लागले, समद्या कंपन्यांचं युनिफॉर्म तिथं धुवायला यायचं, ह्या एवढाल्या मशिनी, वाफच वाफ. तिथनं पुण्याच्या एका मोठ्या हाटेलात. आन् तिथल्या साहेबांनी सांगितलं की बाई, तुझ्यासारखी कापडं ओळखणारी माणसं जहाजावर लागत्यात, जातीस का?

जहाजाचं मी घरात सांगितलं. सासूबाई तर चार दिवस बोलल्या न्हाईत माझ्याशी, पाचव्या दिवशी उठल्या आन् शेंगदाण्याची चटणी कुटायला बसल्या, तवा मी वळखलं की होकार आलाय. मालक एवढंच म्हणलं, पोरीचं मी बघतो, तू जा. मुंबईला ट्रेनिंग झालं, आग इझवायची, जाकीट घालून पाण्यात उडी मारायची. मला पवता येत न्हवतं ताई. डोळं मिटलं आन् मारली उडी, वर आले तर समदी टाळ्या वाजवत व्हती.

निघायच्या आठ दिवस आधी आबा एस्टीनं शिरूरच्या डेपोवर आला. सत्तरीच्या पुढचा माणूस, काखंत घोंगडी. म्हणला, तिकडं थंडी असती म्हणं. मी म्हणलं, आबा, कंपनी जाकीट देती. तर म्हणला, कंपनीचं जाकीट कंपनीचं, ही आपली. आता एवढी मोठी घोंगडी बॅगंत कुठं कोंबू? पण मोडवंना त्याचं मन. मागनं सासूबाईंनी ती कापून मला बंडी शिवून दिली, आन् मी ती माझ्या हातानं तीनदा धुतली. लॉण्ड्रीवाली ना मी! मला वाटलं झाली साफ.

जहाज सुटायचं पार दक्षिण अमेरिकंच्या टोकाकडनं. त्याच्या खाली मग माणूस न्हाई, गाव न्हाई, नुसता समुद्र, बर्फ आन् मधी मधी बेटं. पावणं समदं गोरं, बहुतेक म्हातारं, लई श्रीमंत. त्यांच्या खोलीत उशा सुदिक पाच जातीच्या, ज्याला जशी पायजे तशी. उघड्या डेकवर गरम पाण्याचा हौद, त्यात बसून बर्फाचं डोंगर बघायचं. आन् आम्ही कुठं, तर पार तळाला, पाण्याच्या रेषेच्या खाली, खिडकी न्हाई. त्यांचं टॉवेल, त्यांच्या चादरी, रुमाल, मोजं, दिवसभर येतच ऱ्हायचं. जहाज हललं की मशिनीला धरून उभं ऱ्हायचं. महिना झाला तरी मी समुद्र नीट बघितला न्हवता, बोला आता.

पण त्या जहाजावर एक चांगली पद्धत व्हती, तळातल्या माणसांच्या नावानं चिठ्ठ्या टाकायच्या, आन् ज्याची चिठ्ठी निघंल त्याला एका बेटावर पाय ठेवायला मिळायचा. माझी निघाली. मी पळत जाऊन घरी मेसेज टाकला, आबाला सांगा, मी ते पेंग्विन बघाय चालले. त्याला माहिती व्हतं ते, माणसावानी उभं ऱ्हाणारं पाखरू म्हणून पोरीनं फोनात दाखिवलं व्हतं.

उतरायच्या आधी तपासणी असती. बूट, खिसं, बाह्या समदं बघत्यात, कारण त्या बेटांवर भाईरचं एक बी सुदिक पडता कामा न्हाई. पडलं तर उगवतंय, पसरतंय, मग तिथल्या पाखरांना घरटं करायला जागा ऱ्हात न्हाई. हे आम्हाला शिकवलं व्हतं, मी मान हालवली व्हती, परीक्षा पण पास झाले व्हते. आन् तरी मी जाकिटाच्या आत आबाची बंडी घालून रांगेत उभी. माझ्या ध्यानातच आलं न्हाई वो. बी म्हंजी माझ्या डोक्यात ज्वारी, बाजरी, पेरायचं ते. कुसळाला बी कोण म्हणतंय आमच्यात?

तपासणारी म्याडम बेटावर पावण्यांना नेणाऱ्या टोळीची मुख्य, उंच, केस पिकल्याली. तिनं जाकीट उघडाय लावलं, बंडी उलटी केली आन् शिवणीतनं तीन कुसळं काढली. तीन. पांढऱ्या कागदावर ठेवली. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं, पण तिनं वहीत नुसता आकडा लिव्हला. बंडी पिशवीत घालून सील केली. वरच्या साहेबाकडं गेलं परकरण, आन् त्यानं निकाल दिला, पुढच्या मोठ्या बंदरात हिला उतरवा आन् घरी पाठवा. सात दिवस व्हते मधी.

काय सांगू तुम्हाला, नोकरीचं तर वाईट वाटलंच, मालक तिकडं एकट्यानं समदं वढत व्हतं, पोरगी वाट बघत व्हती की आई कायतरी करून दाखवंल. पण त्याहून मोठं एक व्हतं. मी आबाला काय सांगणार व्हते? की तुझ्या घोंगडीपायी माझी नोकरी गेली? तो माणूस त्या दिवसापासनं अंगावर घोंगडी घ्यायचा न्हाई, मला माहिती हाय ना त्याचा सोभाव. मी बंकवर, आमच्या झोपायच्या फळीवर, पडून रडले पोटभर. आन् रडताना मला आठवलं, आबाच सांगायचा, आपण कोकणातनं आलो की जिथं मेंढरं बसत्यात तिथं फुडल्या साली कोकणचं गवत उगवतंय. म्हंजी मला ठावं व्हतं की समदं! शाळंत न्हाई, बापाकडनंच शिकले व्हते, गवत लोकरीवर बसून फिरतंय ते. आन् तरी चूक केली मीच.

तिसऱ्या दिवशी मी धुतल्याले मोजं द्यायला वर गेले. तिथं समद्या पावण्यांच्या जाकिटांचं, पिशव्यांचं, टोप्यांचं ढीग लागल्यालं. फुडच्या बेटावर तिथल्या सरकारचा माणूस जहाजावर चढणार व्हता, तो कुणाचीबी कापडं बघणार, आन् एक बी घावलं तरी जहाजाचं उतरणं बंद. आन् पावणं वाटंत एका बेटावर गवतातनं फिरून आल्यालं, मोज्यांना, लोकरीच्या टोप्यांना नुसती कुसळं. चार पोरं चिमटं घेऊन बसल्याली, आन् काय करत व्हती? मागं वढत व्हती! तट तट तुटायचा आवाज येत व्हता बारीक, मला ऐकू येतंय ना ते. बूड कागदावर, टोक आत.

मला म्हणाल तर बोलायचा हक्क न्हवता. घरी पाठवायची बाई मी. पण ऱ्हावलं न्हाई, मी म्हणलं, नो, नो, नॉट बॅक. इंग्लिश माझं तेवढंच. म्याडमनं मान वर केली. मी एक मोजा घेतला, बोटानं चाचपलं, कुसळ पुढं ढकललं, उलट्या बाजूनं टोक काढून तिच्या तळहातावर ठेवलं. अख्खं. मग त्या पोरांनी साफ करून ठिवल्याला मोजा घेतला आन् त्यातनं पाच टोकं काढली एकापाठोपाठ. तिनं भिंग लावून बघितलं. म्हणली, कुणी शिकिवलं? मी म्हणलं, माय फादर. शीप.

तिनं खुर्ची सरकवली माझ्याकडं.

दोन दिवस ताई, जेवायला उठले तेवढंच. लॉण्ड्रीतल्या फिलिपिन्सच्या पोरांनी माझं काम वाटून घेतलं, म्हणली, दीदी, तू वर बस. मी त्या चौघांना शिकवलं, डोळ्यानं बघायचं न्हाई, बोटानं बघायचं. सरकारी माणूस आला, हातात लाईट, हूक. बुटाच्या रेघा कोरून बघितल्या, खिसं उलटं केलं, मोजं ताणून बघितलं. काय घावलं न्हाई. कायच घावलं न्हाई! म्याडमनं त्याला माझ्याकडं बोट करून दाखिवलं, तो लांबूनच हसला आन् हात वर केला.

वरचा साहेब माफी-बिफी मागणाऱ्यातला न्हवता. पण घरी जाणाऱ्यांच्या यादीतनं माझं नाव निघालं, आन् दुसऱ्या दिवशी म्याडम स्वता खाली आली, मशिनीच्या आवाजात मोठ्यानं म्हणली, जाकीट घाल, चल.

बोटीतनं उतरले आन् पयला वास आला. मेंढराच्या वाड्याचा वास असतो ना, तसलाच, जरा माशाचा. मग आवाज. डोंगराच्या पायथ्यापतुर नुसती पाखरंच पाखरं उभी, आन् त्यांची पिल्लं तपकिरी लोकरीची, घोंगडी पांघरल्यावानी. समदी एकसारखी. मी म्हणलं ह्यात कोण कुणाचं कसं कळायचं? तेवढ्यात एक आई समुद्रातनं आली, मान वर करून वरडली, आन् एवढ्या हजारातनं एक पिल्लू वरडत पळत आलं तिच्याकडं. दुसरी पिल्लं आली तर तिनं हाकलली. आमच्या वाड्यात दिस मावळायला मेंढ्या चरून आल्या की कोकरं सोडतो, तवा अस्संच असतं वो! तोच गलका, तीच वळख. पृथ्वीच्या टोकाला येऊन मी माझ्या बापाच्या वाड्यात उभी व्हते. रडले मी. म्याडम म्हणली, आर यू ओके? मी म्हणलं, येस, होम.

घरी आले तवा आबा कारेगावला येऊन बसल्याला. मी त्याला समदं सांगितलं, कुसळाचं सुदिक, लपिवलं न्हाई. म्याडमनं निघताना परत दिल्याली बंडी सील फोडून त्याच्यापुढं ठिवली. त्यानं ती मांडीवर घेतली, शिवणीवरनं बोट फिरिवलं. मग इचारलं, काय आणलंस तिथनं? म्हणलं, काय आणता येत न्हाई आबा, खडा सुदिक उचलायचा न्हाई. खाली बसायला पण बंदी. तर म्हणला, मग पाय दुखलं असतील तुझं.

आता फुडल्या आठवड्यात मी परत निघालेय. ह्या खेपंला लॉण्ड्रीत न्हाई, म्याडमच्या टोळीत घेतलंय मला, समद्यांची कापडं तपासायचं काम. पोरगी म्हणती, आई, तुझ्या कार्डावर काय लिव्हणार, कुसळवाली? लिव्ह म्हणलं. आन् आबा, तो बघा तिथं ओट्यावर बसलाय, मी आल्यापासनं त्याचं एकच चाललंय, ती बंडी मांडीवर घेऊन चाचपत असतो. डोळ्याला आता दिसत न्हाई त्याच्या, बोटानं बघतो. मी दहांदा सांगितलं, आबा, ती बेटावर न्हेता येत न्हाई, ह्या सालापासनं लोकरीला बंदीच केलीय, मी आपली बंकवर उशाला घेईन. तर म्हणतो, उशाला तर उशाला, पण तुझ्या म्याडमला सांग, आता एक जरी घावलं तर मेंढरं इकून टाकीन.

आज सकाळी त्याला शेवटचं एक घावलं. एवढुसं. पुढं ढकलून अख्खं काढलं, माझ्या हातावर ठिवलं आन् म्हणला, हे इथलं हाय पोरी, हे इथंच ऱ्हाऊ दे. तू जा आता खुशाल.