बाबांचा कोट

लाँड्रीच्या रांगेत माझ्यापुढे एक बहीणभाऊ होते. कोट नुकताच भावाच्या हातात पडला होता.

"ताई, तू बाबांचा कोट धुवायला टाकलास?"

"सणाचं सगळे जमणार. म्हटलं, बाबा जरा नीटनेटके दिसू देत."

"बाबांना जाऊन वर्षं झाली, ताई!"

"म्हणून काय खुर्चीवर मळका कोट बसवायचा?"

"अगं, आई दर सणाला जेवणाआधी बाबांच्या खुर्चीवरच्या त्या कोटाचा वास घेते. मग म्हणते, 'आले हो, वाढा.' तोवर कुणाच्या ताटात शीत पडत नाही. आता हुंगून बघ."

"गुलाबाचा येतोय रे."

"बाबा आणि गुलाब!"

"आई रडेल."

"रडली तर परवडलं. 'हे कोण आलंय?' म्हणाली तर?"

"घाबरवू नकोस. बाबांच्या अंगाला वास कसला यायचा? बाम आणि सिगारेट."

"बाम घरी आहे. सिगारेट आपल्यात कोण ओढतं?"

ताई हळूच माझ्यामागच्या गृहस्थांकडे वळली. त्यांच्या कानामागे सिगारेट होती.

"काका, ही आता ओढणार आहात का?"

"सोडतोय, बाई. डॉक्टरांनी दम दिलाय."

"उद्या सोडा. आज हा कोट घालून ओढा, पाया पडते."

काकांनी कोट चढवला.

"बटणं लावू?"

"नको. बाबा उघडीच ठेवायचे."