दामिनीचं 'ले'

खोटं कायले बोलू जी मॅडम, वही रुपानं लिहिली, पण सांगत मी होती. सून लिहिते चांगली — तुमच्या तिन्ही रकान्यांत, आधी काय झालं, दामिनीनं काय केलं, मग आम्ही काय केलं. बसा ना, खुर्ची हालते थोडी. दर गुरुवारी भंडाऱ्यावरून एस्टीनं माह्या नातीले बोलाले शिकवाले येता, पुण्यात दोन वर्षं शिकल्या म्हणता — काय शिकल्या? तं पोरीनं चांगलं केलं का फुटाणा द्या, किंचाळली का तिकडं पाहूच नका. हे तं माह्या म्हशीले बी समजते! ढेपीचं घमेलं दिसल्याशिवाय पान्हावत नाही थे. मी तिले शिकवलं का तिनं मले, हे अजून समजलं नाही. तिले बी द्या एखादं सर्टिफिकेट. हसू नका, खरं सांगून राहिली.

काय म्हणता? किंचाळणं वाढलं काहून? तुम्हीच सांगितलं होतं ना, लक्ष नाही देल्लं तं पहिले जोर वाढते, मग उतरते. वाढला, बापा! शुक्रवारी भोजराजच्या चक्कीवरचे लोक पाहाले आले, सत्यभामाबाई नातीले मारून राहिली का म्हणून. मी पाठ करून तांदूळ निवडत बसली. शनिवारी बी बसली. रविवारी थे डोकं आपटाले लागली, तवा — हो, देल्ले. मूठभर फुटाणे देल्ले. तवापासून रोज देऊन राहिली. अन् वहीत 'दुर्लक्ष केलं' लिहाले लावलं. झालं समाधान? आजी हाय मी तिची.

पण मलेच रागवू नका. तुमचीच वही पाहा — तीन गुरुवार, नुसत्या फुल्या. फुटाणा दाखवता अन् म्हणता, "मला पाहिजे" म्हण. इथं 'मला' कोण म्हणते जी? टीव्हीवरच्या बातम्यावाल्या म्हणतात. पोरगी हात पुढं करून 'ले' म्हणे, अन् तुम्ही लिहिलं — उलट बोलते, स्वतः मागायचं सोडून मलाच 'घे' म्हणते. अवो, हिंदीतलं 'ले' नव्हे थे! 'मले' म्हणून राहिली होती. 'म' गिळते, 'ले' तेवढं निघते. पाच वर्षांत पहिला शब्द, अन् तुम्ही फुली मारली! मी इथंच बसली होती, पदर तोंडाले लावून हसत. म्हटलं, होऊ दे पुण्यावालीची फजिती. कायले सांगू?

नाही सांगितलं... थांबा जी. म्हणजे, बोलली तं हात रिकामा. किंचाळली तं मूठभर. हे कोणं शिकवलं तिले? तुम्ही अन् मी, दोघीनं मिळून. अन् मले तं मालूम होतं! मागच्या गुरुवारपासून 'ले' म्हणतच नाही थे. हात बी पुढं करत नाही, सरळ किंचाळते. मले भेव लागते मॅडम. एकच तं शब्द होता तिच्यापाशी.

उठू नका. मागं पाहू नका, येऊन राहिली. तुमच्या पिशवीकडं पाहून राहिली. हात — हात पुढं केला तिनं. चूप, मी बी चूप बसते...

ऐकलं? ऐकलं ना? अवो, पेन कायले काढता! ठेवा थे वही तिकडं! फुटाणा द्या पहिले, फुटाणा —