एवेलिओच्या कपात साखर

नाही नाही, आधी कॉफी — मग बोल. या घरात कॉफी झाल्याशिवाय कुणी काही सांगत नाही, मायामीत जाऊन एवढंही विसरलास, विल्फ्रेदो? बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय — हां, तिथं. आणि हळू बोल. म्हणजे बोलूच नकोस. आई आत झोपलीय. दिसत नाही तिला आता जवळजवळ काहीच, पण कान मांजरीचे.

रेशनची कॉफी आहे, निम्मे भाजलेले वाटाणेच, नाक मुरडायचं नाही. वाटाण्यानं कॉफीच्या भांड्याची जाळी तुंबते, म्हणून सैल भरायची, दाबायची नाही. वर बघ — छतावरचा तो डाग. एवेलिओनं दाबून भरली होती. भांडं उडालं — धडाम! तू होतास ना तेव्हा? टेबलाखाली घुसलास, आणि माझा शहाणा भाऊ भिंतीवरची कॉफी बोटानं चाटून म्हणतो, साखर कमी पडली! आई तो डाग पुसू देत नाही. मीही — जाऊ दे.

आले बघ पहिले थेंब. हेच साखरेत घ्यायचे, आणि घोटायचं — असं, मनगट भरून येईपर्यंत, साखरेचा पांढुरका फेस होईपर्यंत. तिकडे यंत्रातून येतो म्हणे फेस. येऊ दे.

झाली. पहिला कप आजोबांचा, बिनसाखरेचा. आमच्याकडे मेलेल्यांना साखर नाही. वर फळीवर, पाण्याच्या ग्लासाशेजारी. हसतोस काय? मला कळतं, मी कीव्हला रसायनशास्त्र शिकलेय. तुम्ही सगळे मायामीला जायच्या गोष्टी करत होतात तेव्हा मी उलट परत आले, पेटीभर पुस्तकं घेऊन, इथल्या पोरांना शिकवायला. अजून शिकवते. अजून वाटतं मला की हे गाव उभं राहील — हो, वाटतं! पुराव्याशिवाय काही मानू नका, रोज सांगते पोरांना.

आणि हा एवेलिओचा. टेबलावर, जिवंतांच्यात, साखर घालून. तुझी नि त्याची होडी मायामीकडे गेली तेव्हापासून एक दिवस खाडा नाही. आईचा पुरावा ऐक. संध्याकाळी ती फळीवरच्या कपात बोट घालते — भरलेला, गार. मग या कपात — रिकामा. म्हणते, "बघ मास्तरीण, मेलेले पीत नाहीत. माझा पोरगा पितोय." पण तो कप पिते मीच. शाळेतून आले की उभ्याउभ्या, चोरासारखी. कुणाला सांगितलं नव्हतं हे — तुला का सांगतेय देव जाणे. पण एकदा रात्री शहरात, सांता क्लाराला, राहावं लागलं, परीक्षेच्या कामाला. परत आले तर भरून ठेवलेला कप रिकामा. तळाशी साखरेचा कणसुद्धा नाही. आईला विचारायचं ना? पुराव्याची बाई मी — नाही विचारलं. तेव्हापासून संध्याकाळी एवेलिओच्या खुर्चीकडे पाठ करून बसत नाही मी.

रागावून गेला होता, माहितीय. राग तर त्याच्या नाकावर. तिकडे केली असेल एखादी ठसकेबाज बायको, तीच लिहू देत नसेल — तू थांब, मी बोलतेय ना! एवढं काय काम असतं रे तिकडे, की माणसाला एक फोन —

विल्फ्रेदो, कपावरचा हात काढ. साखर घालायचीय मला.

हात काढ म्हणते ना.

अरे — रडू नकोस. आवाज होतो.

होडीतच गेला तो? — नको, सांगू नकोस. मान हलव नुसती.

बरं.

...कुणी नाही, आई! शेजारची लुदिविना, साखर मागायला आलीय! पड तू!

उठली ती. हे घे, पी. तुझा नाही, हा त्याचाच. फेस घातलाय दोन चमचे, त्याला लागायचा तसा. मला आज नाही जमणार, तू पी. सगळा. तळची साखर चमच्यानं काढ — हां. ठेव. फळीवर नाही! इथं, टेबलावर.

आता जा. मागच्या दारानं, बूट हातात घेऊन. आणि परत येऊ नकोस, विल्फ्रेदो. राग नाही माझा तुझ्यावर. पण येऊ नकोस.

ये, आई, सांभाळून. हो, झाली कॉफी. कप? घाल बोट, बघ तूच.

हो. आज सकाळीच पिऊन गेला.